समिंद्रेची ओटी

एका राज्यात, जिथे डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेले होते, दर बारा वर्षांनी एक जहाज येई. येई म्हणजे काय, खाडीच्या तोंडाशी उभं राही. नांगर टाकलेला नसे, शिडात वारा नसे, तरी तसूभर हलत नसे. तीन दिवस उभं राहायचं आणि तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला की निघून जायचं, असा त्याचा नेम होता. तीन डोलकाठ्या, सागाचं काळंभोर अंग, पुढच्या टोकाला रंगवलेले दोन डोळे, तेही आता पुसट झालेले. नाव समिंद्रा.

लोक म्हणत, झपाटलेलं आहे. कुणी म्हणे आत मेलेल्या नाखव्याचं भूत आहे, कुणी म्हणे खजिन्यावर नाग बसलाय. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार! खरं एवढंच की त्यावर जो चढला तो पुन्हा उतरला नाही. आणि मोहरांनी भरलेल्या पेट्या तर किनाऱ्यावरून उघड्या डोळ्यांनी दिसत. त्याच पेट्या राजा वज्रबाहूच्या डोळ्यांत भरल्या.

राजा चाळिशीचा, दाढीत पांढरं डोकावू लागलेलं. त्यानं आपल्या खलाशांचा तांडेल भानोजी याला बोलावलं.

"तांडेल, खजिना उतरवा."

"आज्ञा, महाराज," भानोजी म्हणाला. राजाला नाही कोण म्हणणार? राजा बोले, दळ हाले.

या भानोजीची बायको केतकी. ती बंदरात शिडं शिवायची. वय सव्वीस, केस गुडघ्यापर्यंत, आणि जीभ केसांहून लांब, असं बंदरातले लोक म्हणत. तिनं नवऱ्याला बजावलं, "सोनं राजाचं, जीव आपला. दुरूनच नमस्कार करून या." भानोजी हसला, सात गडी घेऊन होडीत बसला आणि सकाळच्या उन्हात समिंद्रेवर चढला.

चढला आणि थांबला. वाकून पायाकडे बघू लागला.

"केतकी," त्यानं वरून हाक मारली, "माझे पाय लाकडाचे झाले गं!"

किनाऱ्यावर हशा पिकला. भानोजी पहिल्यापासून थट्टेखोर, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? मग त्यानं कमरेचा कोयता काढला आणि मुठीनं आपल्या नडगीवर ठोकलं. टक, टक, टक. दारावर ठोकावं तसा आवाज पाण्यावरून सगळ्यांना ऐकू आला. हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. केतकीच्या पायाखाली वाळूच होती, ती सरकली असं तिला वाटलं.

राजाजवळ भस्मनाथ मांत्रिक उभा होता. त्यानं चिमूटभर राख पाण्यात टाकली, ती विरताना बघितली आणि म्हणाला, "आज पाय, उद्या छाती, परवा मस्तक. परवा दुपारी जहाज पेटवा, महाराज. लाकूड जळेल, सोनं जळत नाही. ओहोटीला वेचून घेऊ."

"पेटवा," राजा म्हणाला.

केतकी पुढे झाली. "महाराज, माझा नवरा आहे तिच्यावर."

"परवापर्यंत तो लाकूड झालेला असेल," राजा म्हणाला. "लाकूड जळतं, बाई." आणि घोडा वळवून निघून गेला. असं बोलायला काही लागत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

केतकी तिथंच मटकन खाली बसली. रडली, राजाला शिव्या दिल्या, पुन्हा रडली. शेजारी मासेमारीचा एक खुंट पाण्यात रोवलेला होता, त्यावर एक म्हातारी पाणकावळी पंख वाळवत बसली होती.

"रडून झालं?" पाणकावळी म्हणाली. "झालं असेल तर ऐक."

केतकीनं डोळे पुसले. पक्षी बोलला याचं तिला नवल वाटलं नाही. त्या दिवसाचं नवल तिचं संपलं होतं.

"भूतबीत काही नाही तिच्यावर," पाणकावळी म्हणाली. "लेक आहे ती. माहेरी यायचं आहे तिला, आणि वाट बंद आहे."

आता ऐकणाऱ्यांनी एक रीत समजून घ्यावी. त्या राज्यात जहाजाला कुणी लाकूड म्हणत नसत. जहाज म्हणजे बंदराची लेक. नवं जहाज पाण्यात सोडायचं तर बांधणाऱ्या सुताराची बायको आई व्हायची आणि राजा बाप व्हायचा, कारण साग त्याच्या रानातला. आई लेकीच्या डोळ्यांत काजळ घालायची, खण, नारळ, तांदळानं तिची ओटी भरायची. मग त्याच ओटीतले पाच दाणे उचलून बापाच्या ओंजळीत टाकायची. लेकीनं दिलेले पाच दाणे माहेरी राहिले की तिची यायची वाट उघडी राहते. सासरी निघालेल्या मुलीही दारात असंच करत. पोरासोरांना ठाऊक असलेली रीत.

"अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी समिंद्रा सोडली," पाणकावळी सांगू लागली. "या राजाचा आजा, थोरले महाराज दीर्घबाहू, बाप म्हणून उभे होते. सुताराची बायको येसू, तिनं ओटी भरली, पाच दाणे उचलले आणि म्हणाली, महाराज, ओंजळ करा. महाराज हसले. म्हणाले, राजा कुणापुढे हात पसरत नाही. हिला दिलं ते दिलं. हिच्याकडून मला परत काही नको."

"अगं बाई!" केतकीच्या तोंडून निघालं.

"राजाचा शब्द. समुद्रानंही ऐकला. परत काही नको म्हटलं, मग काही परत येत नाही. दाणे पाण्यात पडले. ती बारा वर्षांनी सोनं घेऊन आली, तर किनाऱ्याला टेकता येईना. कुणी तिच्यावर चढलं तर त्याला परत देता येईना. तिचा काय दोष?"

"आणि येसू? तिचं काय झालं?"

"येसू ते पाच दाणे शोधत पाण्यात उतरली. बुडी मारली, वर आली, पुन्हा मारली. किती दिवस, कोण मोजतो? एकदा वर आली ती पंख घेऊनच." पाणकावळीनं मान वळवली. "बघतेस काय अशी? मीच ती. अजून तिच्या डोलकाठीवर मी पाय ठेवलेला नाही. ठेवला तर मीही लाकूड."

केतकी खुंटाजवळ सरकली. तिनं हात जोडले. "आई, काय करू सांगा."

"तीन कामं. पडलेले पाच दाणे आण. लेकीचे डोळे पुसट झाले, तिला माहेर दिसत नाही, त्यांत काजळ घाल. पण ज्या ज्या घरचं माणूस तिच्यावर गेलं त्या प्रत्येक घरच्या दिव्याचं. आणि राजाला हात पसरायला लाव. दाणे द्यायला माझी चोच चालेल. घ्यायला हात लागतो, तोही राजाचाच."

"पहिली दोन होतील," केतकी म्हणाली. "तिसरं कठीण."

"म्हणून तर अठ्ठेचाळीस वर्षं गेली," पाणकावळी म्हणाली आणि पाण्यात शिरली. तिच्या मागे केतकीनं बुडी घेतली.

खाली खडकाच्या कपारीत एक कालव होतं, बैलगाडीएवढं. त्याच्या फटीतून उजेड सांडत होता.

"दाणे माझ्या पोटात आहेत," कालव म्हणालं. "त्यांचे मोती झाले. खुशाल ने. या उजेडानं अठ्ठेचाळीस वर्षं माझा डोळा लागला नाही. पण बदल्यात मला काळोख दे, निजायला."

"काळोख कुठून आणू?"

"केसांत आहे की तुझ्या."

केतकीनं केस सोडले. काळा रंग शाईसारखा पाण्यात उतरला आणि कालवाच्या पोटात शिरला. कालवानं जांभई दिली, पाच मोती बाहेर टाकले आणि गाढ झोपी गेलं. वर येऊन वाळूवर ठेवताच मोत्यांचे तांदूळ झाले. पण केतकी पाण्यातून उभी राहिली तेव्हा किनाऱ्यावरची एक कोळीण किंचाळून पाटी टाकून पळाली. तरुण तोंड आणि वर कापसासारखं पांढरंशुभ्र डोकं! केतकीनं एक बट हातात घेऊन बघितली. तिला रडू फुटणार होतं, पण समोर जहाजावर नवरा दिसत होता. तिनं अंबाडा बांधला आणि निघाली.

दुसरा दिवस उजाडला. केतकी काजळाची डबी घेऊन घरोघर फिरू लागली. एकोणीस घरं होती. पहिल्याच दारात बाईनं तिला आडवी घेतली.

"त्या भुताला काजळ? निखारे घाल तिच्या डोळ्यांत! माझा भाऊ गिळलाय तिनं."

"गिळला नाही, ताई. लाकूड होऊन तिच्यातच आहे. आणि उद्या दुपारी राजा त्याला जाळणार आहे."

बाईच्या हातातलं सूप गळून पडलं. तिनं देव्हाऱ्यातला दिवा आणला आणि काजळी बोटानं खरवडून डबीत घातली. ही बातमी केतकीच्या पुढे धावली. पुढच्या दारांत बाया दिवे घेऊन उभ्याच होत्या.

एकोणिसावं घर भिवराचं. भिवरा छप्पन्न वर्षांची, एकटी. दार लावून बसलेली.

"माझ्या घरचं कुणी गेलेलं नाही," ती आतून म्हणाली. "जा तू."

"पाणकावळीनं तुमचं घर मोजलंय, भिवराकाकी. एक घर राहिलं तर एक डोळा मिटलेला राहील."

आत कडी वाजली. मग दार उघडलं. भिवराचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मला थोरल्या महाराजांनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं तोंड शिवून बसले. माझा धनी होडी वल्हवायचा. समिंद्रा पहिल्यांदा आली, तेव्हा त्यानं चोरून एकाला तिच्यावर नेलं. ठाऊक आहे कुणाला? युवराज चित्रबाहूंना. या राजाच्या बापाला. दोघंही परतले नाहीत."

सगळ्या राज्याला ठाऊक होतं की युवराज शिकारीत वाघानं मारले. त्यांची समाधी होती, समाधीवर दर वर्षी फुलं पडत होती.

"समाधी रिकामी आहे," भिवरा म्हणाली. "मुलगा आपल्या शब्दापायी गेला, हे थोरल्या महाराजांना जगाला सांगवेना. घे काजळ. वाड्याचा दिवा समाधीवर तेवतो, जाताना त्याचीही काजळी घे. आता जे व्हायचं ते होवो."

दुपारी केतकी छोट्या होडीतून समिंद्रेजवळ गेली. "बोट टेकवशील तर तिची होशील," पाणकावळी वरून ओरडली आणि आपलं एक पीस तिनं खाली टाकलं. पिसानं केतकीनं डोळे रेखले, आधी डावा, मग उजवा. आणि मग तिची नजर फळ्यांवर गेली.

फळ्यांना चेहरे होते. सागाच्या रेषांचे गाल, गाठींचे डोळे. उघडे डोळे. एकाखाली एक, पुढून मागपर्यंत, माणसंच माणसं. गेल्या खेपेचा शेजारचा सदू तिनं ओळखला. आणि मागच्या बाजूला, पाण्याच्या वर तिसऱ्या फळीत, एक तरुण चेहरा, कानात भिकबाळी आणि डाव्या भुवईत खोक. राजघराण्यात प्रत्येक पुरुष तशी खोक घेऊनच जन्माला येई. केतकीच्या हातातून वल्हं सुटता सुटता राहिलं.

"अहो!" तिनं वर बघून हाक मारली. भानोजी कठड्याशी छातीपर्यंत लाकूड होऊन उभा होता. त्यानं खाली बघितलं.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "आपण कोण?"

त्यानंतर ती किनाऱ्याला कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं राज्य किनाऱ्यावर लोटलं. शंभर तिरंदाज ओळीनं उभे, बाणांना तेलाचे बोळे, पुढे पेटती शेगडी. केतकी राजासमोर गेली. पदरात पाच दाणे, डोकं पांढरं. गर्दीनं वाट सोडली.

"महाराज, ओंजळ करा. समिंद्रेचे पाच दाणे घ्या. शाप सुटेल."

"राजा कुणापुढे हात पसरत नाही," वज्रबाहू म्हणाला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप तोंडी आलं.

"तुमच्या आजोबांनी हेच म्हटलं होतं. म्हणून तुमचे वडील तिकडे आहेत."

"माझे वडील वाघानं मारले."

"तुमचे वडील पाण्यावरच्या तिसऱ्या फळीत आहेत. डाव्या भुवईत खोक आहे, तुमच्या भुवईत आहे तशीच. काल मी या डोळ्यांनी पाहिली."

राजाचा हात आपसूक भुवईकडे गेला. गर्दीतून भिवरा पुढे आली. "खरं आहे, महाराज. माझ्याच घरच्यानं नेलं त्यांना. माझं डोकं उडवा, पण खरं आहे."

"भ्रम!" भस्मनाथ ओरडला. "सूर्य कलतो आहे. सोनं हातचं जाईल. सोडा!"

तिरंदाज बिचारे राजाकडे बघत होते. पण एक जण दचकला आणि त्याचा बाण सुटला. पेटता बाण पाण्यावरून गेला आणि समिंद्रेच्या मागच्या बाजूला, पाण्यावरच्या त्याच तिसऱ्या फळीत रुतला. आग धरली.

आणि लाकूड ओरडलं.

"आई गं!" असं ओरडलं. मग बाकीच्या फळ्या ओरडल्या, डोलकाठ्या ओरडल्या, सगळी समिंद्राच ओरडली. किनाऱ्यावरच्या माणसांनी कानांवर हात ठेवले. तिरंदाजांनी धनुष्यं टाकली. भस्मनाथाची बोबडी वळली, तो मंत्र पुटपुटायला गेला तर नुसता 'ब ब ब' करत राहिला.

राजा धावला. जोडे, तलवार, मुकुट, काय कुठे पडलं त्याला पत्ता नव्हता. पाण्यात शिरला, गुडघाभर, कमरेभर, आणि थांबून त्यानं दोन्ही हात पुढे पसरले. ओंजळ केली.

"दे बाई," तो म्हणाला. "काय असेल ते दे. घेतो मी."

केतकीनं दाणे वर धरले. पाणकावळी झेपावली, चोचीत पाचही दाणे घेतले, समिंद्रेवरून एक फेरी मारली आणि राजाच्या डोक्यावर आली. "लेकीनं दिलं, माहेरी राहिलं," असं म्हणून तिनं चोच उघडली. दाणे राजाच्या ओंजळीत पडले. त्यानं मूठ मिटली.

वारा सुटला. छत्तीस वर्षांत ज्या शिडांना या खाडीचा वारा माहीत नव्हता ती फुगली. एक लाट उठून आगीवर पडली. समिंद्रा वळली, काजळ घातलेल्या डोळ्यांनी बंदराकडे बघितलं आणि सरळ चालत आली, वाळूला टेकली. पाणकावळी पहिल्यांदाच डोलकाठीवर बसली. बसताच तिचे पंख गळाले आणि एक म्हातारी बाई, डोलकाठीला मिठी मारून, "माझी बाय ती, माझी बाय," करत खाली उतरू लागली. खालचे लोक घाबरून, "येसूबाई, सांभाळून!" म्हणून ओरडत राहिले.

फळ्यांतून माणसं सुटू लागली. कुणी पाण्यात पडलं, कुणी वाळूवर. भिवराचा नवरा पंचविशीचा पोरगा, "भिवरा कुठाय, भिवरा?" विचारत तिच्याच अंगावरून पुढे गेला. तिनं त्याची बाही धरली. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं, फार वेळ बघितलं, आणि तिथंच वाळूत तिच्या पायाशी बसला.

भानोजी ओला चिंब होऊन केतकीसमोर आला. लाकूड असताना विसरलेलं तिचं नाव त्याला आठवलं होतं. पण डोक्याकडे नजर जाताच त्याचा चेहरा पांढरा पडला.

"केतकी," तो पुटपुटला, "मी किती वर्षं होतो तिथं?"

"तीन दिवस," केतकी म्हणाली, आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेना. भानोजीला काही कळत नव्हतं. तो तिला धरून उभा राहिला.

तिथून तिला राजा दिसत होता. तो अजून पाण्यातच होता, मूठ मिटलेली. तिसऱ्या फळीतला तरुण त्याच्यासमोर उभा होता. वय चोवीस, कानात भिकबाळी, खांद्यावर भाजल्याचा ताजा लाल डाग. पिकू लागलेल्या दाढीचा हा मोठा माणूस आपल्याकडे असा का बघतो आहे, हे त्याला उमगेना. वडीलधाऱ्याला करावा तसा त्यानं वाकून नमस्कार केला.

"काका," तो म्हणाला, "आपण वाड्यावर जाणार असाल तर एक निरोप सांगाल? माझा मुलगा चार वर्षांचा आहे, वज्रू. सकाळी त्याला न सांगता निघालो. रडत असेल. त्याला सांगा, बाबा आले."

राजानं मिटलेली मूठ छातीशी धरली.

"सांगितलं," राजा म्हणाला. "त्याला कळलं, बाबा."

मग काय झालं ते सांगण्यासारखं आहे आणि नाहीही. भस्मनाथ त्या दिवसापासून राज्यात दिसला नाही. मोहरांच्या पेट्या तीन दिवस तशाच जहाजावर पडून होत्या, उतरवायचं कुणाला सुचलंच नाही. युवराज चित्रबाहू गादीवर बसले, आणि चाळीस वर्षांचा मुलगा त्यांच्या उजव्या हाताला बसू लागला. बापलेकांना एकमेकांशी काय बोलावं ते पुष्कळ दिवस कळत नव्हतं, पण रोज जेवायला मात्र एका पंगतीला बसत. पुढे त्या बंदरातून जितकी जहाजं सुटली, तितक्या वेळा राजा पाण्यात उतरून ओंजळ करून उभा राहिला, आणि गेलेली सगळी जहाजं परत आली. सांगणाऱ्यानं सांगितलं, ऐकणाऱ्यानं ऐकलं. ज्याचं माणूस दूर गेलं असेल ते सुखरूप घरी येवो.